लुकलुकणारा दिवा, मेंदू आणि आकडी

आकडी येणाऱ्या मुलाला मी ई.ई.जी. काढायला मोठ्या दवाखान्यात पाठवतो, तेव्हा परत आलेल्या पालकांची एक तक्रार ठरलेली असते. "डॉक्टर, डोक्याला वायरी लावल्या ते ठीक. पण पोराच्या डोळ्यांसमोर तो दिवा कशाला चमकवला? तिथंच आकडी आली असती म्हणजे?" प्रश्न रास्त आहे. तो दिवा मुद्दामच चमकवतात, आणि सेकंदाला किती वेळा चमकवायचा तेही मोजून. या मोजणीचा लग्नसराईशी, गणपतीच्या मिरवणुकीशी आणि घरातल्या टीव्हीशीही संबंध आहे. म्हणून आज तिच्याविषयी.

आपण डोळ्यांनी पाहतो असे म्हणतो. पण पाहण्याचे खरे काम मेंदूच्या मागच्या भागात चालते. उताणे झोपल्यावर डोक्याचा जो भाग उशीला टेकतो, त्याच्या आत. डोळ्यावर प्रकाश चमकला की साधारण एकदशांश सेकंदाने या भागात विजेची एक बारीक लाट उठते. ती एका व्होल्टचे लाखो भाग करावेत इतकी क्षीण असते, तरी डोक्याच्या कातडीवर लावलेल्या वायरींना ती पकडता येते. माणसाच्या मेंदूतील विजेचा असा आलेख पहिल्यांदा जर्मनीतील येना येथे हान्स बर्जर यांनी १९२४ साली काढला आणि १९२९ साली प्रसिद्ध केला. पुढे १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी दाखवून दिले की लुकलुकणारा प्रकाश मेंदूच्या लाटांना आपल्या तालावर ओढून नेतो.

हे ओढून नेणे कसे, ते लेझीम पाहिलेल्यांना चटकन कळेल. हलगी संथ वाजत असली की प्रत्येक ठोक्याला एक पाऊल पडते आणि मध्ये पोरे थांबतात. दिवा सेकंदाला एक-दोनदा चमकला तर मेंदूतही तसेच घडते. एक चमक, एक लाट, मग शांत. हलगी वाढली की पावले एकात एक मिसळतात आणि सगळे पथक एका तालात डोलू लागते. दिवा सेकंदाला दहा वेळा चमकवला, तर मागच्या भागातील लाटाही सेकंदाला दहाच उठतात. बारा वेळा चमकवला तर बारा. कधी कधी दुप्पटही उठतात. पण हलगी फारच जलद झाली की पोरांना ती झेपत नाही. मेंदूचेही तसेच. दहाच्या आसपास आणि पंधरा ते वीसच्या टप्प्यात हा प्रतिसाद चांगला जोरकस असतो, पुढे तो क्षीण होत जातो. सेकंदाला पन्नास-साठच्या वर गेले की बहुतेकांच्या डोळ्यांना तो दिवा अखंड पेटलेला दिसतो. गंमत अशी की, डोळ्याला लुकलुक दिसत नसतानाही मेंदूतील बारीक लाट काही काळ ताल धरून असते. २००१ साली जर्मनीत झालेल्या एका प्रयोगात नव्वदपर्यंतच्या वेगाला असा प्रतिसाद नोंदला गेला.

दिवा पेटता ठेवला काय आणि लुकलुकता ठेवला काय, डोळ्याला सारखेच, असे पूर्वी मानत. पण मेंदूला ते सारखे नसते, हे यावरून कळावे.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येतो. बहुतेकांच्या मेंदूत दिव्याने उठलेली लाट मागच्या भागातच राहते आणि दिवा बंद केला की विरते. काही थोड्या लोकांत मात्र ती आवरत नाही. दिव्याचा ताल ठरावीक आकड्यावर आला की सगळ्या मेंदूभर काट्यासारख्या टोकदार लाटा पसरतात. तंत्रज्ञ दिव्याचा वेग पायरीपायरीने वाढवत असतो आणि नजर आलेखावर ठेवून असतो. काटे दिसले की तो दिवा तत्काळ बंद करतो. त्यामुळे आकडी येण्याआधीच उत्तर मिळते. क्वचित एखाद्याला येतेही, पण तिथे औषध आणि माणसे हाताशी असतात. दिव्याचा वेग हवा तसा बदलून आकडीची प्रवृत्ती तपासता येते हे ब्रिस्टलच्या ग्रे वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ साली दाखवले, तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली.

धोक्याचा वेग साधारण सेकंदाला पंधरा ते पंचवीस. काहींना याच्या बऱ्याच खाली किंवा वरही त्रास होतो, पण दाट वस्ती या टप्प्यातच.

याचा सर्वांत मोठा धडा जपानला मिळाला. १६ डिसेंबर १९९७ रोजी संध्याकाळी तेथील टीव्हीवर मुलांच्या आवडत्या पोकेमॉन मालिकेचा एक भाग लागला होता. त्यात स्फोटाच्या दृश्यात लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे बारा वेळा आळीपाळीने चमकले. सगळा प्रकार काही सेकंदांचा. त्या रात्री ६८५ जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात नेण्यात आले. त्यांतील अनेकांना आयुष्यात पूर्वी कधी आकडी आली नव्हती. मालिका चार महिने बंद राहिली. इंग्लंडमध्ये १९९३ साली नूडल्सच्या एका जाहिरातीने असेच झाले होते, फक्त लहान प्रमाणावर. त्यानंतर तिथे आणि पुढे जपानमध्येही टीव्हीवरील चमक सेकंदाला तीनपेक्षा जास्त नको असे दंडक आले. लाल रंगाची चमक विशेष वाईट, हेही जपानच्या घटनेने ठसवले.

आता आपल्या आजूबाजूला पाहू. घरातली ट्यूब पन्नास सायकलच्या विजेवर चालते आणि प्रत्येक सायकलला दोनदा उजळते, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा. एवढ्या वेगाने आकडी येत नाही. काहींचे डोके मात्र दुखते. स्वस्त एल.ई.डी. दिव्यांचेही तेच, मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरला की स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसतात ते याचमुळे. पण स्टार्टर गेलेली, फडफडणारी ट्यूब वेगळी. तिचा वेग खाली आलेला असतो. ती तशीच महिनोन् महिने ठेवू नका. तंबूतला सिनेमा ज्यांनी पाहिला त्यांनी ध्यानात घ्यावे की फिल्मची चित्रे सेकंदाला चोवीसच असतात. लुकलुक जाणवू नये म्हणून प्रत्येक चित्र पडद्यावर दोनदा दाखवत.

एस.टी.च्या प्रवासाचाही हिशेब करून पाहा. ताशी साठ किलोमीटरने गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. दहा-दहा मीटरवर वडाची झाडे असतील तर मावळतीचे ऊन डोळ्यांवर सेकंदाला दोनदाही चमकत नाही. त्याची काळजी नको. पण पुलाच्या कठड्याचे खांब मीटर-मीटरवर असतील, तर ऊन सेकंदाला सोळा वेळा चमकेल. हा नेमका धोक्याचा आकडा. ज्यांना त्रास आहे त्यांनी उन्हाच्या बाजूची खिडकी टाळावी.

आणि डी.जे. त्याच्या दिव्यांचा वेग बटणावर असतो. ते बटण फिरवणाऱ्याला यातले काही ठाऊक नसते. (लेझरचा धोका निराळा. तो डोळ्याचा पडदाच भाजतो.)

माझ्याकडे अकरावीतली एक मुलगी आणली होती. चुलत बहिणीच्या हळदीला आदल्या रात्रीचे जागरण, त्यात डी.जे.समोर नाच, आणि तिथेच ती कोसळली. कुणी म्हणाले अंगात आले, कुणी म्हणाले दृष्ट लागली. नाकाला चप्पल लावून झाली. मी आईला विचारले, सकाळी उठल्यावर हिचे हात कधी झटका बसल्यासारखे उडतात का? आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "वर्षभर हिच्या हातून चहाचे कप फुटतात. मी हिला हातात जीव नाही म्हणून बोलायची." ई.ई.जी.मध्ये दिवा सोळावर गेला आणि काटे उमटले. औषध सुरू झाले. या प्रकारच्या आकडीवर गोळी चांगली लागू पडते, पण ती वर्षानुवर्षे घ्यावी लागते. मुलींना कोणती गोळी द्यायची हे पुढच्या गरोदरपणाचा विचार करून ठरवतात. म्हणून शेजारणीच्या मुलीची चिठ्ठी दाखवून औषध आणू नये. वडिलांचे म्हणणे होते, बाहेर कळता कामा नये, लग्न जमायचे नाही. मी म्हटले, गावाला सांगू नका, पण वसतिगृहातल्या खोलीतल्या मैत्रिणीला सांगावेच लागेल. बरीच वादावादी झाली, शेवटी मुलीने स्वतःच सांगितले.

उलट टोकही पाहतो. आकडी येणाऱ्या मुलाचा टीव्ही बंद, सायकल बंद, सहल बंद. वास्तविक आकडीच्या शंभर रुग्णांत प्रकाशाने आकडी येणारे तीन ते पाचच. त्यात मुलींचे प्रमाण जास्त, आणि सुरुवात बहुधा सात ते वीस या वयात. तुमचा मुलगा त्या पाचांतला आहे की पंच्याण्णवांतला, हे तो दिवा सांगतो. पंच्याण्णवांतला असेल तर टीव्हीचे भय बाळगू नका.

अलीकडे सेकंदाला चाळीस वेळा चमकणाऱ्या दिव्याबद्दल निवृत्त मंडळी विचारतात. विस्मरणावर तो उपाय आहे असे त्यांनी वाचलेले असते. २०१६ साली अमेरिकेत उंदरांवर त्याचे चांगले निष्कर्ष आले होते. २०२३ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांना उंदरांतच ते पुन्हा मिळाले नाहीत. माणसांवर चाचण्या झाल्या आहेत, पण उपचार म्हणून तो सिद्ध झालेला नाही. असा दिवा विकत घेऊ नका.

ज्यांच्या आलेखात काटे आले आहेत त्यांनी टीव्ही आठ-दहा फुटांवरून, खोलीत दिवा लावून पाहावा. जागरण टाळावे, गोळी चुकवू नये. अचानक चमक समोर आलीच, तर नुसते डोळे मिटून भागत नाही. प्रकाश पापणीतून लाल होऊन आत जातो. तळहाताने एक डोळा पूर्ण झाकावा आणि तोंड फिरवावे. एकाच डोळ्यातून प्रकाश गेला की मेंदूतील लाटेचा जोर बराच कमी होतो.

आणि मांडवात कुणी कोसळलेच, तर आधी लाइटवाल्याला दिवे बंद करायला लावा. रुग्णाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ द्या, गळ्याशी कपडा आवळला असेल तर सैल करा. तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. चप्पल पायातच राहू द्या. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर गाडी काढा आणि दवाखाना गाठा.