मानवी शरीराचे संगणकीय प्रतिरूप

मानवी शरीराची अंतर्गत रचना जाणून घेण्याचा मुख्य मार्ग दीर्घकाळ शवविच्छेदन हाच होता. त्यातून सर्वसाधारण रचना कळे. परंतु समोरच्या जिवंत रुग्णाच्या हाडात रोग नेमका कोठवर पसरला आहे, हे कळत नसे. ही उणीव संगणकाने पुष्कळशी भरून काढली आहे.

१९७१ मध्ये इंग्लंडमध्ये हौन्सफील्ड यांच्या सी. टी. स्कॅन यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्रण झाले. या कार्याबद्दल त्यांना व कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे यंत्र निरनिराळ्या दिशांनी क्ष-किरण सोडून शरीराच्या पातळ छेदांची चित्रे तयार करते. चित्रातील प्रत्येक बिंदूला घनतेनुसार अंक मिळतो : पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, तर हाडाला शेकड्यांच्या घरातील. भिवंडी तालुक्यातील वळ येथील गोदामांत मालाची थप्पी लावतात, तद्वत संगणक हे छेद एकावर एक रचतो, हाडाचे बिंदू वेगळे काढतो आणि सर्व बाजूंनी फिरवून पाहता येईल असे प्रतिरूप पडद्यावर उभे करतो. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने देहदान केलेल्या एका पुरुषाच्या शरीराचे, एक मिलिमीटर अंतराने घेतलेले १८७१ छेद अभ्यासासाठी खुले केले.

महाराष्ट्रातही या विद्येचा उपयोग होत आहे. मुंबईच्या आय. आय. टी.तील ऑर्थोकॅड प्रयोगशाळेने टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्याने, हाडाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यावर संशोधन केले. राज्य शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने २०१४ मध्ये याच संस्थेत वैद्यकीय उपकरणांच्या निर्मितीसाठी 'बेटिक' हे केंद्र सुरू झाले.

हाडाचा कर्करोग किशोरवयात बहुधा गुडघ्याजवळ उद्भवतो. पूर्वी अशा वेळी पाय कापणे अटळ असे. आता हाड कोठून काढावयाचे व सांधा केवढा बसवावयाचा, हे शस्त्रक्रियेपूर्वीच प्रतिरूपावर ठरविता येते आणि औषधोपचारांच्या जोडीने पुष्कळ रुग्णांचा पाय वाचतो.

मात्र रोग वेळीच ओळखला गेला तरच हे साधते. वळसारख्या गावातून मुंबई दूर नाही. तथापि पहिले पाऊल गावातच पडावयास हवे. मुलाच्या गुडघ्याजवळची सूज ओसरत नसेल, रात्री वेदना वाढत असतील, तर मुका मार समजून चोळून घेऊ नये. विनाविलंब क्ष-किरण तपासणी करवावी. शिक्षक व पंचायत सदस्यांनी पालकांना एवढे पटवून दिले, तर एखाद्या मुलाचा पायच नव्हे, प्राणही वाचेल.