तरुणांचें मन आणि हातांतील मोबाईल

गेल्या पावसाळ्यांत जंगलांतील एका खेड्यांत आमचा मुक्काम असतां एका शाळकरी मुलीनें आम्हांस विचारिलें, “पास्टरसाहेब, झोंप येत नाहीं, जेवण गोड लागत नाहीं, सारखें रडूं येतें, हा आजार असतो काय?” घरच्यांनीं बाहेरची बाधा समजून अंगारा लाविला होता, आणि आमच्यांतीलच एकानें विश्वास उणा म्हणून तिला बोल लाविला होता. हा आजार असूं शकतो, हें तिला मोबाईलवरील एका मराठी चित्रफितीवरून कळलें. ज्या साधनास आपण मुलांच्या नाशाचें म्हणतों, त्याचा सदुपयोग कसा करावा, हा आजचा पाठ आहे.

हें दुःख विरळ नव्हे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत १३ ते १७ वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ७.३ जणांस मनोविकार आढळला. ठाण्यास १९९० सालीं डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनीं स्थापिलेली आयपीएच संस्था ‘आवाहन’ ह्या नांवानें यूट्यूबवर मराठींत मनाविषयीं शिकविते. इकडे गडचिरोलींत डॉ. राणी बंग ह्यांनीं ‘तारुण्यभान’ शिबिरांत मुलांमुलींस समोर बसवून शिकविलें. मोबाईल बोलण्यास आरंभ करून देतो; पुरें तें समोरासमोरच होतें.

म्हणून उपदेशकांनीं असें करावें :

१. चित्रफीत प्रथम आपण पाहावी. रेंज नसल्यास बाजाराच्या गांवीं ती उतरवून घ्यावी.

२. मुलांसह बसून पाहावी, आणि गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्यांस त्यांच्या भाषेंत अर्थ सांगावा.

३. कोणाचें दुःख व्हॉट्सॲपच्या गटांत मागूं नये व टाकूं नये. गेलेला शब्द परत येत नाहीं.

४. कोणी मरणाची भाषा काढिली, तर त्यास एकटें सोडूं नये. घरांतील फवारणीचें औषध कुलपांत ठेवावें. १४४१६ ह्या ‘टेलिमानस’ क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलतां येतें. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. साधा फोनहि पुरतो.

त्या मुलीस तिच्या आईवडिलांसह आम्ही रुग्णालयांत नेलें. उपचार चालू आहे, आणि ती पुन्हां शाळेंत जाते.

प्रश्न : आपल्या गांवांत कोणतें मूल अलीकडे गप्प झालें आहे? त्याजजवळ कोण बसतें?