पोटातलं बाळ वाढतंय ना?

ब्रह्मपुरीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. सूनबाईंना आठवा महिना सरत आला आहे. सोनोग्राफीत बाळ दिवसांच्या मानाने लहान दिसलं, म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी रक्ताची एक नवी तपासणी लिहून दिली. ताई विचारतात, ‘एवढ्याशा रक्तावरून पोटातल्या बाळाचं वजन कसं कळतं?’

ताई, वजन नाही कळत. कळते ती वारेची तब्येत. आपल्याकडे मामा तलावातून, म्हणजे माजी मालगुजारी तलावातून, पाटाने धानाच्या बांधीत पाणी येतं. तलाव भरलेला असूनही पाट गाळाने बुजला, तर धान पिवळं पडतं. वार म्हणजे तो पाट. आईच्या रक्तातलं अन्न आणि प्राणवायू वारेतूनच बाळापर्यंत पोचतो. वारेला रक्त पुरवणाऱ्या आईच्या रक्तवाहिन्या सुरुवातीला नीट रुंदावल्या नाहीत, की शेवटच्या तीन महिन्यांत, म्हणजे बाळाची भूक सगळ्यात जास्त असते तेव्हा, पुरवठा कमी पडतो.

सुदृढ वार आईच्या रक्तात पीएलजीएफ नावाचं एक प्रथिन सोडते. ते साधारण तिसाव्या आठवड्यापर्यंत वाढतं आणि मग उतरतं. वारेवर ताण आला की ते कमी पडतं आणि त्याला जखडून ठेवणारं दुसरं प्रथिन, एसएफएलटी-वन, वाढतं. प्रयोगशाळा या दोघांचं गुणोत्तर काढते. मुळात ही तपासणी प्रिएक्लाम्प्सियासाठी, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून आई-बाळाला धोका होतो त्या आजारासाठी, वापरात आली. गुणोत्तर 38 किंवा त्याखाली असेल, तर पुढच्या आठवड्याभरात तो आजार होण्याची शक्यता फार कमी असते. पुढे इंग्लंडमध्ये केंब्रिजला चार हजारांहून अधिक पहिलटकरणींचा अभ्यास झाला. त्यात दिसलं, की छत्तिसाव्या आठवड्याला सोनोग्राफीत बाळ लहान आणि गुणोत्तरही वाढलेलं, अशा दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर खरी काळजी करावी. कारण लहान दिसणारं प्रत्येक बाळ उपाशी नसतं. बारीक बांध्याच्या आईबापाचं लेकरूही बारीक, पण ठणठणीत असू शकतं.

म्हणून तपासणी जरूर करा. मात्र अहवाल चांगला आला म्हणून पुढची सोनोग्राफी टाळू नका, आणि वाईट आला म्हणून घाबरून जाऊ नका. उपचार अहवालाचा नसतो, आईचा आणि बाळाचा असतो.

आता इतर वाचक भगिनींशी बोलायचं आहे. ही तपासणी आपल्या तालुक्यात सहज होत नाही, म्हणून हळहळत बसू नका. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995-96 साली गडचिरोलीतल्या 39 गावांमध्ये नवजात बाळांची नोंद ठेवली. शंभरातली सुमारे 42 बाळं अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेली मात्र शंभरात दहाच्या आसपास. म्हणजे लहान बाळांपैकी बहुतेक पूर्ण दिवसांची होती, त्यांना पोटातच कमी मिळालं होतं. ही गोष्ट मी कधी विसरू शकत नाही.

आणि त्यामागची पुष्कळशी कारणं साध्या, फुकट होणाऱ्या रक्त तपासणीत दिसतात. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर रक्त कमी आहे, 7 च्या खाली असेल तर दवाखान्यात भरती व्हायला हवं. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस घ्यायच्या, आणि चहासोबत नाही. शौचाला काळी होते, ती होणारच, त्यासाठी गोळी सोडू नका. सिकलसेलची तपासणी नवरा-बायको दोघांचीही करा. बाईचा अहवाल एएस असेल तर ती फक्त वाहक, ती लोहाची गोळी घेऊ शकते. एसएस असेल तर मात्र आपल्या मनाने लोह घेऊ नका, आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच करा. मलेरियाचा जंतू वारेत दडून बसतो आणि बाळाचं अन्न अडवतो. कधीकधी बोटाच्या रक्तात तो सापडतही नाही. म्हणून ताप आला की त्याच दिवशी आशाताईंकडे तपासणी, तीही प्रत्येक तापाला, आणि रोज मच्छरदाणीतच झोपणं.

तंबाखूचा खर्रा बंद. यावर मी तडजोड करणार नाही. तंबाखूने वारेच्या रक्तवाहिन्या आवळतात.

‘कमी खा, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल’ हा सल्ला अजूनही घराघरात मिळतो. देणाऱ्या बायका प्रेमानेच देतात, पण त्याने बाळंतपण सोपं होत नाही, बाळ दुबळं होतं. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत 2015 पासून अमृत आहार योजनेत गरोदर बाईला रोज एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. ते तिथेच बसून खा, डबा घरी नेला की तो सगळ्यांत वाटला जातो. आणि रोवणीच्या दिवसांत शेवटच्या महिन्यांतल्या बाईला दिवसभर चिखलात वाकायला लावू नका.

तपासणीला गेलात की पोट टेपने मोजलं का, ते विचारा. चोविसाव्या आठवड्यानंतर जितके आठवडे, साधारण तितके सेंटिमीटर. तीनेक सेंटिमीटर कमी भरलं, किंवा दोन भेटींत वाढलंच नाही, तर सोनोग्राफी हवी. रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन दर वेळी तपासायलाच हवं. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर स्वतः तपासतात, तो दिवस चुकवू नका. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद झालेला आपण वर्षानुवर्षे पाहिला आहे. ज्यांच्या वाटेत अशी नदी आहे, त्यांनी दिवस भरत येण्याआधीच दवाखान्याजवळच्या माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी राहण्याच्या सोयीत, येऊन राहावं.

ताई, सूनबाईंची रक्त तपासणी होऊ द्या. दोन आठवड्यांनी सोनोग्राफी पुन्हा होईल, तेव्हा नाळेतला रक्तप्रवाह, म्हणजे डॉप्लर, पाहिला का तेही विचारा. बाळाला बाहेर काढण्याची योग्य वेळ बहुतेक त्यावरूनच ठरते. लहान बाळांचा अतिदक्षता कक्ष असलेलं रुग्णालय आत्ताच ठरवून ठेवा. बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली, डोकं फार दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट न पाहता 102 किंवा 108 ला फोन करा.