काँप्युटरला घरघर लागते तेव्हा

"तुझ्या काँप्युटरला घरघर लागली आहे. दिवाळीला येशील तेव्हा बघ." २०२३ च्या ऑक्टोबरात बाबांचा हा फोन आला तेव्हा मी मेसच्या रांगेत उभा होतो. काँप्युटर 'माझा' हे फक्त म्हणायला. २०११ साली असेंबल करून घेतलेला तो डबा खरा चालवतात बाबा. बी-बियाणं आणि खतांच्या दुकानाचा सगळा हिशेब त्यात. आमच्याकडे मृग निघाला की शेतकरी उधारीवर माल नेतात आणि दिवाळीच्या पुढेमागे सोयाबीन बाजारात गेलं की पैसे आणून देतात. म्हणजे ऐन दिवाळीत त्या डब्यात अख्ख्या हंगामाची उधारी असते. मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नव्हतं.

घरी पोचलो तर आईने चहाच्या आधी स्क्रूड्रायव्हर पुढे केला. मुलगा पाच सेमिस्टर शिकला, आता एक आवाज सापडायला कितीसा वेळ लागणार! मीही लगेच डबा उघडायला निघालो होतो. पण वर्कशॉपमधले आमचे एक सर नेहमी म्हणायचे, मशीन उघडलं की ते बोलायचं बंद होतं. म्हणून आधी एक दिवस नुसतं ऐकायचं ठरवलं. वहीत दोन रकाने केले : आवाज कसा येतो आणि कधी येतो. 'कुठून येतो' हा प्रश्न मुद्दाम नंतरचा. लोखंडी डब्यात आवाज चहूकडून आल्यासारखाच वाटतो. 'कधी' हा प्रश्न मात्र कानाला फसवत नाही.

संध्याकाळपर्यंत बाबांच्या एका घरघरीचे तीन आवाज झाले. एक गुणगुण, जी काँप्युटर बंद असतानाही चालू होती. दुसरी खरी घरघर, सकाळी चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं येऊन आपोआप थांबणारी. आणि तिसरी टिकटिक. ती दिवसातून तीन-चार वेळाच, केव्हाही.

गुणगुणीचा निकाल पाच मिनिटांत लागला. काँप्युटर बंद असताना येणारा आवाज काँप्युटरचा कसा असेल? टेबलावरचा स्टॅबिलायझर गुणगुणत होता. आपली वीज ५० हर्ट्‌झची, पण ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्‌झवर गुणगुणतो. चुंबकीय क्षेत्रामुळे गाभ्याच्या पत्र्यांची लांबी किंचित बदलते, आणि क्षेत्राची दिशा कुठलीही असो, बदल तोच होतो. म्हणून एका आवर्तनात दोनदा थरथर. (हे मॅग्नेटोस्ट्रिक्शन मी व्हायव्हात चुकवलं होतं. आता जन्मात विसरणार नाही.) लाकडी टेबल त्या थरथरीला सतारीच्या भोपळ्यासारखं मोठं करत होतं. जुन्या स्लिपरचे चार तुकडे कापून खाली सरकवले. गुणगुण जवळजवळ गेली. खर्च शून्य, घरात वजन वाढलं.

घरघरीसाठी मात्र डबा उघडावा लागला. आत दुकानातल्या धुळीचा बोटभर थर, आणि पंखे तीन : प्रोसेसरवरचा, मागचा आणि एसएमपीएसमधला. यातला गुन्हेगार कोण? भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळून त्याची नळी केली. एक टोक कानाला, दुसरं एकेका पंख्याजवळ, पात्यांना लागणार नाही इतक्या अंतरावर. हसू नका. रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१६ साली कागदाची अशीच गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावली होती, आणि स्टेथोस्कोपचा जन्म तिथूनच झाला. मागच्या पंख्याजवळ नळी नेली आणि कानात पिठाची गिरणी सुरू झाली.

तरी खात्री करायची. मोबाईलवर आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं एक फुकटचं अ‍ॅप घेतलं. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १८०० फेरे मारत असेल तर सेकंदाला ३० फेरे, गुणिले ७, म्हणजे २१० हर्ट्‌झ. बायोसमध्ये या पंख्याचे फेरे १८०० च्या आसपास दिसत होते आणि पडद्यावर २१० च्या जवळ एक सुळका उभा होता. दुसरा सुळका १२० जवळ. तो हार्ड डिस्कचा, कारण ७२०० फेरे भागिले ६०. परीक्षेसाठी पाठ केलेलं ब्लेड पासिंग फ्रिक्वेन्सीचं सूत्र घरच्या टेबलावर खरं ठरताना पाहिलं, याचा आनंद मार्कांपेक्षा जास्त होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. शेवटची परीक्षा बोटाची. पंख्याच्या मधल्या गोल भागावर पेन्सिलचं खोडरबर हलकेच टेकवून दोन सेकंद पंखा थांबवला. घरघर थांबली, सोडला की पुन्हा सुरू.

इथे एक इशारा. हा प्रयोग एसएमपीएसच्या आत कधीही करू नका. २३० व्होल्टचं शिखरमूल्य ३२५ व्होल्ट असतं, आणि तेवढ्यावर चार्ज झालेले त्यातले कपॅसिटर वायर काढल्यावरही काही वेळ भरलेले राहू शकतात. तो डबा सीलबंद असतो त्याला कारण आहे.

सकाळीच घरघर का? स्वस्त पंख्यात बॉल बेअरिंग नसतं, तेल मुरवलेली सच्छिद्र धातूची बुश असते. वर्षांनी तेल आटतं, उरलेलं चिकट होतं. थंडीत ते अधिकच घट्ट आणि दांडा डुगडुगतो. पंखा गरम झाला की तेल पातळ होऊन आवाज थांबतो. पंख्याच्या मागचं स्टिकर सोलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकला. शेजारच्या काकांनी खोबरेल सुचवलं होतं. पण ज्या तेलाची बाटली थंडीत उन्हात ठेवावी लागते, ते सकाळच्या घरघरीवर काय औषध करणार!

दोन आवाज पकडले होते. बाबा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. तिसऱ्याकडे मी त्याच तोऱ्यात वळलो आणि तिथेच माती खाल्ली.

टिकटिक म्हणजे पंख्याच्या पात्याला लागणारी वायर, असं मी ठरवून टाकलं. एक वायर खरोखर लोंबत होती. ती दोऱ्याने बांधली आणि योगायोगाने दिवसभर टिकटिक आली नाही. वही उघडून पाहिली असती तर कळलं असतं : 'दिवसातून तीन-चार वेळा' हे माझंच अक्षर होतं. पंख्याला लागणारी वायर सेकंदाला कितीतरी वेळा वाजेल, आणि तिचा आवाज टिकटिक नव्हे, तर्रर्र असा येईल. पुढे म्हणजे, आता साफसफाई चाललीच आहे तर पूर्ण करू, म्हणून रात्री डिफ्रॅगमेंट लावून झोपलो. वसुबारसेच्या सकाळी काँप्युटर आलाच नाही. आतून फक्त टिक, टिक, टिक, मग तबकडी मंदावल्याचा सुस्कारा, मग पुन्हा टिक, टिक, टिक.

हार्ड डिस्कचं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. माणसाचा केस साधारण ७० हजार नॅनोमीटर जाड. तबकडीवर आखलेल्या खुणा वाचत हेड आपली जागा ओळखतं. खुणा वाचता आल्या नाहीत की ते मागे मुक्कामाच्या जागी जातं आणि पहिल्यापासून सुरुवात करतं. त्या परत जाण्याची ती टिक. वाट हरवलेला माणूस पुन्हा पुन्हा वेशीवर येऊन उभा राहावा तसं. अशा डिस्कला मी रात्रभर हजारो फाईली इकडून तिकडे उचलायला लावल्या होत्या.

टिकचं दुसरंही कारण असू शकतं. डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते. थकलेला एसएमपीएस किंवा सैल कनेक्टर तेवढे पुरवत नसेल तरी डिस्क अशीच वाजते. म्हणून कनेक्टर बदलून एकदाच चालू करून पाहिलं. एकदाच, कारण प्रत्येक प्रयत्नात हेड तबकडीला घासण्याची भीती. फरक पडला नाही. वायर उपटली आणि बाबांना सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. फक्त विचारलं, "पाडव्यापासूनचं सगळं?" पेनड्राईव्हवरची शेवटची नक्कल गुढीपाडव्याची होती.

तालुक्याच्या दुरुस्तीवाल्या दादाकडून डिस्क बाहेरून जोडायचा डॉक उसना आणला, एक नवी मोठी डिस्क घेतली आणि माझ्या लॅपटॉपवर पेनड्राईव्हवरून लिनक्स चालू केलं. नशिबाने तिथे डिस्क ओळखली गेली. तिच्या स्मार्ट नोंदींमध्ये १९७ क्रमांकाचा आकडा, म्हणजे वाचता न आलेल्या आणि निकालाची वाट पाहणाऱ्या सेक्टरांची संख्या, शेकड्यांत होता. निरोगी डिस्कवर तिथे शून्य असतं. पहिल्या दिवशी बघायला दोन मिनिटं लागली असती. मग डीडीरेस्क्यू लावलं. हा प्रोग्रॅम सरळ वाचता येतं ते आधी उचलतो, अडलेली जागा सोडून पुढे जातो, सगळ्याचा नकाशा लिहून ठेवतो आणि मग अडलेल्या जागांकडे थोडं थोडं करत परत येतो. माणसाने पेपर सोडवावा तसा. ५०० जीबीला २६ तास लागले. लक्ष्मीपूजनाला वहीशेजारी उघडा डबा आणि तो डॉक ठेवून आईने दोघांना हळदकुंकू लावलं.

फोटो आले, माझे जुने प्रोजेक्ट आले. हिशेबाची चालू वर्षाची फाईल आली, पण मधून कुरतडलेली. पाडव्यानंतरच्या नोंदी उघडेनात. पुढच्या नऊ रात्री आई बिलबुकातल्या कार्बन प्रती वाचत होती आणि मी टाइप करत होतो. जूनच्या गर्दीत ज्यांची बिलं फाडली गेलीच नव्हती, त्यांच्याकडे बाबा स्वतः जाऊन आले. "तुझ्याकडे किती आहेत रे?" असं विचारायची पाळी त्यांच्यावर अठरा वर्षांच्या दुकानदारीत पहिल्यांदा आली. बहुतेकांनी आपणहून आकडा सांगितला. दोघांनी सांगितला नाही. ते दोघे कोण, हे बाबांनी मला अजून सांगितलेलं नाही.

होस्टेलवर परत आल्यापासून माझ्या खोलीवर आवाजाचे पेशंट येतात. शेजारच्याच्या पीसीत गेम खेळताना बारीक शिट्टी वाजते. ती ग्राफिक्स कार्डातल्या कॉइलची, निरुपद्रवी. लोड कमी झाला की गप्प. पण कुणी 'टिक' म्हटलं की मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवतो आणि आधी रिकामी डिस्क मागतो. एसएसडीवाले हसतात. त्यांच्यात हलणारं काही नाही, म्हणजे ती बिघडली तर टिक करूनही सांगणार नाही.

घरच्या काँप्युटरला आता एसएसडीच आहे. तो इतका शांत झालाय की चालू आहे ना म्हणून बाबा वाकून दिवा बघतात. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, "फ्रीज गुणगुणतोय रे."

मी म्हटलं, "खाली रबर ठेवून बघा, आणि कधी कधी येतो ते लिहून ठेवा."

"ते बघतो सावकाश. आधी दूध आणि भाजी बाहेर काढून काकूंकडे ठेवली आहे."