समुद्रफेस : माकुळाच्या पाठीतील पाणबुडी

कोळगावहून पश्चिमेला शिरगाव किंवा सातपाटीच्या किनाऱ्यावर गेल्यास भरतीच्या रेषेवर कधी कधी एक पांढरी, लांबट, होडीच्या आकाराची वस्तू सापडते. हाच समुद्रफेस. समुद्राचा फेस वाळून तो होतो, अशी समजूत नावावरूनच पडली असावी. वास्तविक ते माकुळाच्या पाठीतील कवच आहे.

माकूळ हा मासा नव्हे. तो शंख-शिंपल्यांचा भाऊबंद, मृदुकाय प्राणी. आठ बाहू, भक्ष्य पकडण्याचे दोन लांब शुंडक, तीन हृदये आणि तांबेयुक्त निळसर रक्त, असा त्याचा थाट. आपल्याकडे नरसिंगालाही लोक माकूळच म्हणतात. पण नरसिंगाच्या अंगात पातळ, पारदर्शक पातेच असते, समुद्रफेस नसतो.

आता थोडे गणित करू. १००० घनसेंमी आकारमानाचे माकूळ घ्या. त्यात समुद्रफेस सुमारे ९३ घनसेंमी असतो. जिवंतपणी त्याची घनता ०.६ च्या आसपास, म्हणजे वजन ५६ ग्रॅम. उरलेल्या ९०७ घनसेंमी मांसाची घनता १.०७ धरल्यास वजन ९७० ग्रॅम. बेरीज १०२६ ग्रॅम. तेवढ्याच आकारमानाच्या समुद्राच्या पाण्याचे वजनही १०२६ ग्रॅमच! आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार माकूळ बुडतही नाही, वरही येत नाही. सगळे मांसच असते तर ४४ ग्रॅमचा भार पोहून पेलावा लागला असता.

पुष्कळ माशांत हे काम हवेची पिशवी करते. पण पिशवी मऊ. १०० मीटर खोलीवर दाब ११ वातावरणे होतो आणि बॉइलच्या नियमाने पृष्ठभागावरची हवा अकराव्या हिश्शात दबते. समुद्रफेस कडक असल्याने त्याचे आकारमान बदलत नाही. कॅल्शियम कार्बोनेटचे पातळ पडदे एकावर एक, मधे असंख्य नाजूक खांब, अशी ती कित्येक मजली इमारत आहे.

मजल्यांत वायू असतो, तो दाबाने भरलेला असेल असे कोणालाही वाटेल. परंतु १९६१ साली इंग्लंडमध्ये प्लिमथ येथे एरिक डेंटन आणि जॉन गिल्पिन-ब्राऊन यांनी दाखवले, की हा दाब एका वातावरणापेक्षाही कमी, सुमारे ०.८ असतो. मग पाणी बाहेर कसे ढकलले जाते? माकूळ आतल्या द्रवातील क्षार शोषून घेते. द्रव पातळ झाला, की परासरणाने पाणी क्षारयुक्त रक्ताकडे ओढले जाते. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब सुमारे २४ वातावरणे. म्हणून ही युक्ती साधारण २४० मीटर खोलीपर्यंतच चालावी, हे तुम्हीच ताडून पाहा. दिवसा वाळूत दडताना माकूळ जड होते, रात्री शिकारीला निघताना हलके.

समुद्रफेस मऊ असून उष्णता सोसतो, म्हणून सोनार त्यात ठसा कोरून धातू ओततात. पिंजऱ्यातील पक्ष्यांना तो चुन्यासाठी देतात. आयुर्वेदात समुद्रफेन म्हणून त्याचे स्थान आहे. मात्र घरच्या घरी त्याची पूड कानात घालू नये.

शाळेत एक प्रयोग करा. मऊ भागाचा ४ × २ × १ सेंमीचा ठोकळा कापून वाळवा, वजन करा आणि ८ ने भागा. घनता ०.६ पेक्षा बरीच कमी येईल. का, ते वर आले आहे. मग तोच तुकडा व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे कोणत्या वायूचे, हे चुन्याच्या निवळीने तपासा. आणि सर्व विरघळल्यावर तळाशी उरणारे पातळ पापुद्रे भिंगाखाली जरूर पाहा.