जुन्या क्रोमबुकवर लिनक्स : फर्मवेअर फुकट, मग पैसे कशाला लागतात?

सेकंडहँड बाजारात जुनं क्रोमबुक साधारण पाच ते आठ हजारांत मिळतं. पडदा चांगला, कीबोर्ड चांगला, बॅटरीही बरी. फक्त गूगलने त्या मॉडेलचे अपडेट बंद केलेले असतात. २०२१ पासून बाजारात आलेल्या मॉडेलांना दहा वर्षं अपडेट देऊ, असं गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं, पण आधीच्या बऱ्याच मशीनांची मुदत संपली आहे. त्यांवर लिनक्स टाकलं तर शाळा-कॉलेजच्या मुलाचं काम आणखी काही वर्षं निघतं. चालतं मशीन भंगारात जाताना पाहणं मला खरोखर सहन होत नाही, म्हणून हा हिशेब मांडतो आहे.

तुमच्याकडे साधा विंडोज लॅपटॉप असेल तर यातलं काहीच करू नका. पेनड्राइव्हवरून लिनक्स थेट बसतं, बायोसला हात लावायची गरज नसते. क्रोमबुकची गोष्ट वेगळी आहे. त्याचं मूळ फर्मवेअर क्रोमओएस सोडून दुसरी सिस्टिम सरळपणे सुरू करू देत नाही. त्याच्या जागी ‘मिस्टर क्रोमबॉक्स’ या नावाने मिळणारं फर्मवेअर टाकतात. ते ‘कोअरबूट’वर बांधलेलं आहे. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत १९९९ मध्ये ‘लिनक्सबायोस’ म्हणून सुरू झालेला हा प्रकल्प. गूगलचं स्वतःचं क्रोमबुक फर्मवेअरही त्यावरच उभं आहे. किंमत शून्य.

खरे पैसे बुडतात ते चुकीचं मशीन घेतल्यामुळे. दुकानात पैसे देण्याआधी क्रोमबुक तुमच्यासमोर रिसेट करायला लावा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. एखाद्या शाळेचं किंवा कंपनीचं नाव दाखवून त्यांचं लॉगिन मागितलं, तर ते मशीन अजून त्यांच्याच ताब्यात आहे असं समजा. त्यात डेव्हलपर मोड, म्हणजे क्रोमओएसचे निर्बंध सैल करणारी अवस्था, सुरू होत नाही आणि पुढचं सगळं तिथेच अडतं. कितीही स्वस्त असलं तरी परत ठेवा. प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचाच हवा. एआरएमवाल्या क्रोमबुकांसाठी हे फर्मवेअर नाही. प्रत्येक मॉडेलला गूगलने दिलेलं एक सांकेतिक नावही असतं, उदाहरणार्थ एसर सी७२० चं ‘पेपी’. ते नाव ‘मिस्टर क्रोमबॉक्स’च्या समर्थित यादीत आहे का आणि लिनक्सवर त्याचा आवाज चालतो का, हे घरीच पाहून जा. आवाज हे या मशीनांचं मोठं दुखणं आहे. काहींना वेगळी स्क्रिप्ट चालवावी लागते, काही तरीही मुकीच राहतात. मग दोन-तीनशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड घ्यायचं.

साठवणीचाही विचार आधीच करा. लिनक्स मिंटला किमान २० जीबी जागा आणि २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर बरं. १६ जीबीची साठवण बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असेल, तर त्या मशीनच्या नादी लागू नका. सी७२० सारख्या मशीनमध्ये छोटी एम.२ एसएसडी बदलता येते. तिला दीड ते अडीच हजार धरा.

आता कुलूप. फर्मवेअरची चिप लेखनबंद असते. जुन्या मॉडेलांत बोर्डावरचा एक ठरावीक स्क्रू काढला की ती उघडते. साधारण २०१७-१८ नंतरच्या बऱ्याच मशीनांत गूगलची सुरक्षा-चिप आहे; तिथे बॅटरीची वायर काढून, नुसत्या चार्जरवर मशीन सुरू करावं लागतं. नेमक्या याच वेळी लाइट गेली तर अर्धवट लिहिलेलं फर्मवेअर आणि न उघडणारं मशीन हातात राहतं. आपल्याकडे दुरुस्तीसाठी लाइट कोणत्या वारी जाते ते ठाऊक असतंच, तो वार टाळा. इन्व्हर्टर असेल तर चार्जर त्याच्यावर लावा.

सामानात दोन पेनड्राइव्ह, मिळून आठशे ते हजार, आणि बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच तीनेकशे रुपयांचा. सगळं सुरळीत झालं तर खर्च इथेच संपतो. तरी मशीन मेलंच तर चिपवर बाहेरून फर्मवेअर लिहिता यावं म्हणून आणखी सातशे ते हजार रुपये बाजूला ठेवा असं मी आग्रहाने सांगेन. त्यात ‘सीएच३४१ए’ प्रोग्रॅमर, आठ पायांच्या चिपवर बसणारी क्लिप आणि १.८ व्होल्टचा अडॅप्टर येतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला विचारा. अडॅप्टर विसरू नका, चिप १.८ व्होल्टची असेल आणि ३.३ व्होल्ट गेले तर ती जळू शकते. हे हाताळायची भीती वाटत असेल, तर चिपलेव्हल काम करणारा कारागीर बायोस टाकायचे आठशे ते दीड हजार घेतो. फक्त त्याला फर्मवेअरची फाइल तुम्ही द्यायची.

चिपला हातच लावायचा नसेल तर ‘लेगसी’ हा पर्याय आहे, पण मॉडेलनुसार तो मिळतोच असं नाही. त्यात मूळ फर्मवेअर शाबूत राहतं, म्हणून मशीन मरण्याची भीती नाही. मात्र दर वेळी सुरू करताना इशाऱ्याचा पडदा येतो. जुन्या मॉडेलांत तिथे कुणी स्पेसबार आणि एंटर दाबलं की डेव्हलपर मोड बंद होतो आणि लिनक्स सुरूच होत नाही. घरात लहान मुलं असतील तर मी हा पर्याय सुचवणार नाही.

डेव्हलपर मोड सुरू करताना मशीनमधलं सगळं पुसलं जातं. फोटो, कागदपत्रं आधीच काढून घ्या. नवं फर्मवेअर लिहिण्याआधी जुन्याची प्रत ठेवायची का, असं ‘मिस्टर क्रोमबॉक्स’चं टूल विचारतं. ‘हो’ म्हणा. त्या फाइलमध्ये तुमच्या मशीनचा अनुक्रमांक आणि इतर नोंदी असतात, म्हणून दुसऱ्याची फाइल तिची जागा पुरती घेऊ शकत नाही. पेनड्राइव्हला मॉडेलचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, एक प्रत स्वतःच्या ईमेलवर पाठवा. ती उघडते का ते मोबाइलवर पाहा, आणि मगच टूलच्या यादीतल्या ‘फुल रॉम’चा, म्हणजे पूर्ण फर्मवेअर बदलण्याचा, आकडा दाबा.