जुनी शेगडी बदलताना : घरच्या थर्मोचा एक प्रयोग

थर्मोच्या वायवाला ‘एफिशियन्सी म्हणजे काय’ असं विचारलं की आपण ‘आउटपुट अपॉन इनपुट’ असं पोपटासारखं सांगून मोकळे होतो. मीही होत होतो. गणपतीच्या सुट्टीत घरी, मनोरीला गेलो तेव्हा माझी खरी वायवा आईने घेतली. “एवढं इंजिनिअरिंग शिकतोस ना, मग सांग. सिलिंडर पूर्वी दीड महिना जायचा, तो आता पस्तीस दिवसांत का संपतो? आणि टोप एवढे काळे का होतात?”

आमची गॅसची शेगडी वीस वर्षांची, दोन बर्नरची. बदलायचा विषय निघाला की आई “चालतेय ना!” म्हणून तो संपवायची. कारणही तसंच होतं. मासळी विकून साठवलेल्या पैशांतून तिने घरासाठी घेतलेली ती पहिली मोठी वस्तू.

मी ज्योत बघितली. निळीऐवजी पिवळी. पण इथे एक गंमत आहे. आमचं घर समुद्राजवळ, हवा खारट, त्यात रोज मीठ लावलेली मासळी तव्यावर. मीठ ज्योतीत गेलं की सोडियममुळे ती पिवळी-नारिंगी दिसते. बारावीच्या प्रॅक्टिकलमधली फ्लेम टेस्ट आठवा. तो रंग क्षणभर चमकून जातो, त्याने भांडं काळं होत नाही. दुसरा पिवळा रंग मात्र हवा कमी पडल्याचा. न जळलेल्या कार्बनचे कण तापून चमकतात आणि टोपाच्या बुडाला काजळी म्हणून बसतात. आमच्या टोपांना बोट लावलं, बोट काळं. निदान झालं.

आता हवा कमी का पडते? शेगडीचा बर्नर म्हणजे आपला लॅबमधला बुन्सेन बर्नरच. जेटच्या बारीक भोकातून गॅस जोरात सुटतो आणि वाटेत हवा ओढून घेतो. एक घनफळ ब्युटेन पूर्ण जळायला सुमारे ३१ घनफळ हवा लागते. आमच्याकडे दोन गोष्टी बिघडल्या होत्या. खाऱ्या हवेने मिक्सिंग ट्यूब गंजून आत पापुद्रे साचले होते, म्हणजे हवेची वाट अडलेली. आणि जेटचं भोक मोठं झालेलं.

भोक मोठं होण्यामागे इतिहास आहे. मुंबईत बर्मा शेलने ‘बर्शेन’ नावाने सिलिंडरचा गॅस १९५५ च्या सुमारास आणला. आमच्या घरात मात्र त्यानंतरही बरीच वर्षं चूल आणि मग रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह. त्या स्टोव्हच्या निपलमध्ये काजळी अडकायची, म्हणून आजी रोज पिन मारायची. गॅस आला, पण पिन मारायची सवय गेली नाही! जेट पितळेचा, पिन पोलादाची. भोकाचा व्यास १० टक्के वाढला की क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं, म्हणजे गॅसही साधारण तेवढाच जास्त. हवा मात्र तेवढीच, किंबहुना कमी. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो. पावसाळ्यात खिडक्या बंद ठेवून स्वयंपाक केला की आईचं डोकं दुखायचं. ते आम्ही सगळे दमणुकीवर ढकलत होतो.

आईला आकडे हवे होते. शेजारच्या मावशींचा मासळी तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला, ३० किलोचा, ५ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. रेग्युलेटर काढून सिलिंडर तोलला. मग ५ लिटर पाणी २८ अंशांपासून ८८ अंशांपर्यंत तापवलं. एकदाच केलं तर काट्याची चूकच मोठी ठरते, म्हणून तीनदा. पुन्हा तोलला. गॅस गेला १७५ ग्रॅम. पाण्याला मिळालेली उष्णता १५ × ४.१८ × ६०, म्हणजे सुमारे ३७६० किलोज्यूल. एलपीजीचं उष्मांक मूल्य किलोला साधारण ४५.५ मेगाज्यूल धरलं तर एफिशियन्सी ४७ टक्के. आयएस ४२४६ या मानकाप्रमाणे घरगुती शेगडीची किमान ६८ टक्के हवी.

मग बर्नर धुतले, ट्यूब ब्रशने साफ केली, प्रयोग पुन्हा केला. १५० ग्रॅम, म्हणजे ५५ टक्के. आई लगेच म्हणाली, “बघ, साफ करूनच भागतंय. कशाला नवीन?”

प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. जेट नवे टाकले असते तर आकडा आणखी सुधारला असता. पण निघता निघता साबणाचं पाणी लावून बघितलं, तर डाव्या कॉकखाली बुडबुडे आले. तिथे पाईप गंजाने खाल्ला होता. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळला की वर निघून जात नाही, जमिनीलगत, ओट्याखाली साचतो. एफिशियन्सीचा वाद तिथेच संपला. आईने स्वतः रेग्युलेटर बंद केला आणि त्या रात्री शेजारून जेवण आलं.

दुसऱ्या दिवशी मालाडहून नवी शेगडी घेतली आणि मार्व्याच्या फेरीबोटीतून घरी आणली. दुकानदार इंडक्शन घ्या म्हणत होता. पण आमचे टोप ॲल्युमिनियमचे, साध्या इंडक्शनवर ते तापतच नाहीत. भांड्यांचाही खर्च धरावा लागला असता. घेताना आयएसआय मार्क बघितला आणि शेगडी एलपीजीचीच आहे ना, हे विचारून घेतलं. ज्यांच्या घरी पाईपचा गॅस आहे त्यांनी हे जरूर विचारा. पाईपमधला गॅस मुख्यतः मिथेन, दाब सुमारे २१ मिलिबार. सिलिंडरच्या रेग्युलेटरनंतर तो सुमारे ३० असतो. तेवढीच उष्णता मिळायला पाईपच्या गॅसला जेटचं भोक व्यासाने साधारण १.४ पट मोठं लागतं. म्हणजे पाईपची शेगडी तशीच सिलिंडरला जोडली तर भडका आणि काजळी, उलट केलं तर मिणमिणती ज्योत. रबरी नळीही नवी, तारीख बघून घेतली. ती पाच वर्षांनी बदलायची असते. आमची जुनी किती वर्षांची होती ते इथे लिहीत नाही.

नव्या शेगडीवर तोच प्रयोग केला. १२५ ग्रॅम, ६६ टक्के. टोपाने घेतलेली उष्णता मी धरलेली नाही, त्यामुळे ६८ ला दोन कमी पडले त्याचा राग नाही. पाण्याच्या हिशेबाने ३५ दिवसांचे ४९ व्हायला हवे होते, पण सिलिंडर गेला ४३ दिवस. आई म्हणते, “भाकरी म्हणजे काय पाणी उकळणं आहे का?” बरोबर आहे.

जुन्या शेगडीच्या पितळी बर्नरचे भंगारवाल्याने वेगळे पैसे दिले, ते आईने घेतले. जेट मी हॉस्टेलवर आणलेत. फिजिक्स लॅबच्या ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपखाली भोक गोल नव्हे, चक्क लंबगोल दिसतं. बघायचं असेल तर रूमवर या.